निरोगी नमुना

१ मार्च

झिपरे,

फोन उचलू नकोस. बरोबर आहे तुझं, तुझ्या जागी मीही उचलला नसता. पण आईच्या पिशवीतून चिठ्ठी पाठवायला तू अजून बंदी घातलेली नाहीस, म्हणून हा उद्योग. ती तुझ्याकडे यायला निघाली आहे. तिचा चष्मा सापडेपर्यंत मला वेळ आहे, म्हणजे बराच वेळ आहे.

परवा तुझ्या घरी मी बोलले ती पद्धत चुकली, कबूल. आवाज चढला. तू मशीनवर पडदा शिवत होतीस, कापड सुईखाली तसंच सोडून उठलीस, दार उघडलंस आणि कडीला धरून उभी राहिलीस. धाकटीने थोरलीला दार दाखवायचं, हे आपल्या घरात पहिल्यांदाच झालं. मी चपला हातात घेऊन जिना उतरले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, भिजल्या का चपला?" मी हो म्हटलं.

पण पद्धत चुकली म्हणजे म्हणणं चुकलं असं होत नाही. आता आवाज न चढवता सांगते, ऐक.

तुझ्या ठमीला जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात झटके सुरू झाले. डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं की मेंदूतल्या एका पोटॅशियम चॅनलच्या जनुकात एका अक्षराचा बदल आहे. चॅनल म्हणजे पेशीच्या पातळ कातडीतलं दार. सोडियम आत घुसलं की पेशीत विजेची ठिणगी पडते, पोटॅशियम बाहेर पडलं की ती विझते. ठमीचं विझवणारं दार नीट उघडत नसावं, असा त्यांचा अंदाज. तोच बदल तुझ्यातही सापडला, आणि तुला तर जन्मात सर्दीपलीकडे काही झालेलं नाही. त्यांनी विचारलंही होतं, घरात तान्हेपणी कुणाला झटके येत होते का. मी तिथल्या तिथे सांगितलं, आमच्या घरात असलं काही नाही.

एवढ्यावर मी थांबले नाही. तिचं रक्त प्रयोगशाळेत आणलं, त्यातल्या पेशींना मेंदूच्या पेशी व्हायला लावलं, आणि काचेची नळी लावून एकेका पेशीची वीज स्वतःच्या हातांनी मोजली. शेजारी निरोगी माणसाच्या पेशी ठेवल्या. दोन्हींत काडीचा फरक नाही, झिपरे. मग दार बिघडलेलंच नाही, तर त्यासाठी एवढ्याशा जिवाला नवं औषध कशाला? त्याच्या कागदावर तू सही केली नाहीस ते चांगलं केलंस. आहे ते गुंगीचं औषध पुरे.

आणि दार ठीक आहे तर झटके येतात कुठून, हे कुणीतरी विचारायला नको का? बाहेरून डोक्याला काही झालं असेल. बाप असला तरी लंबू तिला कसा उचलतो, कसा झुलवतो, एवढंच मी विचारलं. मी पाहिलेला प्रत्येक झटका ती त्याच्या हातात असतानाच आला होता. वर दंडावर तो काळानिळा डाग. मी मावशी आहे. डोळे मिटून बसू?

बाकी, हॉस्पिटलातून कोणी बाई तुमच्याकडे चौकशीला येऊन गेल्या असं आई म्हणाली. बाळाजवळ एकटं राहू नका, असं लंबूला बजावून गेल्या म्हणे. फार मनाला लावून घेऊ नका. अशा बाबतीत त्यांची ती नेहमीची पद्धत असते.

चष्मा सापडला. फ्रीजवर होता.

ताई


१० मार्च

झिपरे,

चिठ्ठी तुझ्यापर्यंत पोचली, एवढं कळलं. वाचलीस का, असं विचारलं तर आई म्हणाली, "मशीनच्या खणात ठेवलीय तिनं." खणात तर खणात. बॉबिनी आणि तुटक्या बटणांच्या सोबतीला मी.

आईने आणखी एक सांगितलं, ते मात्र मला ऐकवलं नाही. लंबू हल्ली कामावरच्या खोलीतच झोपतो. लिफ्टचे सुटे भाग ठेवायची ती खोली, तिथे खाट टाकली आहे त्याने. संध्याकाळी घरी येतो, पण ठमीला घेत नाही. हात मागे बांधून पाळण्यापाशी उभा राहतो आणि बघतो. "हात मागे बांधून," असं आई दोनदा म्हणाली. मी म्हटलं, चौकशी आहे, संपेल. आणि पुसलेलीच शेगडी पुन्हा पुसायला घेतली.

जाऊ दे. दुसरं काही सांगते. माझ्या कामाबद्दल तू कधी विचारत नाहीस आणि मी सांगायला लागले की तुला जांभया येतात. आता पत्रात दे जांभया, मला दिसणार नाहीत.

तुला वाटत असेल, बाळाचा मेंदू म्हणजे आपलाच मेंदू, लहान मापाचा. तू फ्रॉक तसे शिवतेस, मेंदू तसा बनत नाही. कोवळ्या पेशीत दारं थोडी, आणि आहेत ती आळशी. आपल्या पेशीतली ठिणगी पडते न पडते तोच विझते. कोवळ्या पेशीतली रेंगाळते. आणि कुणी बोलावलेलं नसताना पेटते. अजून डोळ्यांना धड दिसत नाही, कानांना ओळख नाही, तरी आत या पेशी एकमेकींना ठिणग्या देत असतात. त्या ठिणग्यांवरूनच पेशी ठरवते की पुढे कोणती दारं किती बसवायची आणि कुठल्या शेजारणीशी नातं जोडायचं. म्हणजे हा सगळा गोंधळ फुकट नसतो, त्यातूनच मेंदू तयार होत असतो.

त्यात एक गंमत. मोठ्यांच्या मेंदूत जे रसायन पेशीला गप्प करतं, तेच कोवळ्या पेशीला उलट चेतवतं. तिच्यात क्लोराइड जास्त भरलेलं असतं आणि ते उपसून टाकणारा पंप अजून कामाला लागलेला नसतो. दटावायला जावं आणि पोराने भोकाड पसरावं, तसं. त्या दिवसांत पेशीला आवरणारं खमकं दार जवळजवळ एकच, पोटॅशियमचं, सावकाश उघडणारं. डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं ते नेमकं त्याच दारावर. म्हणून तर मी ते इतकं तपासलं!

आणि तपासलं कुणाशी ताडून, माहीत आहे? माझ्याशीच. आमच्याकडे निरोगी माणूस शोधायला कुणी गावभर फिरत नाही. हाताशी जो असेल त्याने बाही वर करायची आणि रक्त द्यायचं, ही जुनी वहिवाट. माझं रक्त कधीपासून तिथल्या फ्रीजरमध्ये आहे. माझ्या पेशी अशा काही जोमाने वाढतात की प्रयोगशाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव 'महाराणी' ठेवलं आहे. कुणाचाही आजारी नमुना आला की आधी महाराणीशेजारी बसतो. तोंडावर मी रागावते, पण खरं सांगू, मला ते आवडतं.

लंबूला सांग, चौकशी फार दिवस चालत नाही.

ताई


२२ मार्च

आधी एवढं वाच, बाकीचं फाडून टाकलंस तरी चालेल. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं औषध सुरू कर. आज. मी नको म्हटलं होतं, मी चुकले होते. त्यांचा अंदाज बरोबर होता, दार बिघडलेलंच आहे.

आता कसं ते.

आमच्याकडे शेजारच्या टेबलावर एक बुटका मुलगा काम करतो, अतिशय चिकट. त्याच्या लेखावर परीक्षकांचा शेरा आला की निरोगी नमुना एकच का, दुसऱ्या माणसाचाही हवा. त्याने कार्यालयातल्या टायपिस्टबाईंना बाही वर करायला लावली. त्यांच्या पेशी तयार झाल्या, त्याने मोजल्या, आणि काल दुपारी दोन आलेख घेऊन माझ्या खोलीत येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"मॅडम, महाराणी आजारी आहे."

मी हसले. मग आलेख बघितले आणि त्याच्यावर ओरडले. द्रावण चुकलं असेल, तापमान चुकलं असेल, नळीचं तोंड मोठं झालं असेल, सगळं काढलं. त्याने निमूटपणे पुन्हा मोजून दाखवलं. मी त्याला उठवून स्वतः बसले. काचेची नळी पेशीला टेकली, चिकटली, पडद्यावर रेघ स्थिर झाली. सावकाश उघडणारं पोटॅशियमचं दार टायपिस्टबाईंच्या पेशीत छान उघडत होतं. माझ्या पेशीत त्याच्या जेमतेम अर्धं.

मग ठमीचा आलेख काढला आणि माझ्यावर ठेवला. तो आधीही ठेवला होता, तेव्हा आनंद झाला होता. रेघेवर रेघ बसली. मी समजत होते की ठमी निरोगी माणसासारखी आहे. तसं नव्हतं ग. मी ठमीसारखी आहे.

आज सकाळी माझं जनुक वाचून आलं. तेच अक्षर, त्याच जागी. म्हणजे तुझ्यात आहे, माझ्यात आहे, ठमीत आहे, आणि मी त्याच्याशीच त्याची तुलना करून फरक नाही म्हणून छाती काढून सांगत होते. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी वर्षभर त्याला चिडवलं असतं. नमुना स्वतःपासून सुरू करू नका, असं दर वर्षी नव्या मुलांना मीच सांगते. फळ्यावर लिहून सांगते.

तू फोन घेत नाहीस म्हणून डॉक्टरबाईंना केला. पुन्हा मीच बोलते आहे म्हटल्यावर "आता काय?" असं त्यांनी विचारलं. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, औषध लिहून ठेवते, आईवडिलांना पाठवा. तेवढं कर. झिपरे, पाया पडते, तेवढं कर.

मला लाज वाटते आहे. हे वाक्य लिहिता येत नव्हतं म्हणून वरचं सगळं लिहिलं.

ताई


२४ मार्च

आईने येताना तुझी चिठ्ठी आणली. पडद्याच्या मापांचा कागद, मागे दोन शब्द. "पुन्हा म्हणजे?"

तू लहानपणापासून अशीच. गोष्टीतला राक्षस, राजवाडा सगळं सोडून भलतंच काहीतरी धरायचीस, आणि तेच खरं असायचं.

पुन्हा म्हणजे, तुझ्या घरून चपला हातात घेऊन निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना फोन केला होता. मी सांगितलं की मी बाळाची मावशी आहे आणि याच विषयात काम करते, चॅनल मी तपासला आहे, त्यात दोष नाही. बाळाला कोणीतरी जोरात हलवलं असण्याची शक्यता तपासा. कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडील. दंडावरचा डागही सांगितला. हे सगळं मी शांत आवाजात सांगितलं. माझा शांत आवाज लोकांना खरा वाटतो, ते मला माहीत आहे.

चौकशीवाल्या बाई त्यामुळे आल्या. 'त्यांची नेहमीची पद्धत' असं मी तुला लिहिलं ना? त्यांना मी पाठवलं होतं. तो हात मागे बांधून पाळण्यापाशी उभा राहत होता, ते माझ्यामुळे. आणि मी ते आईकडून ऐकत होते आणि शेगडी पुसत होते.

आणखी आहे. परवाच्या फोनवर मी डॉक्टरबाईंना त्या डागाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याची चौकशी पहिल्याच दिवशी झाली. तो सुईचा होता. तुम्ही प्रयोगासाठी दुसऱ्यांदा रक्त मागवलंत ना, तेव्हा शीर सापडत नव्हती." माझ्या नळीसाठी टोचलेली सुई, झिपरे. तिचा डाग मी त्याच्या बोटांचा म्हणून सांगितला.

मग लंबू या चौकशीत गप्प का राहिला, तक्रार करणाऱ्याचं नाव का घेतलं नाही? त्याला कळलंच नसेल कुणी सांगितलं, असं मी मनाशी धरून चालले होते. कदाचित कळलंही असेल.

आणि ते 'प्रत्येक झटका त्याच्या हातात'. मी तुमच्याकडे यायची ती संध्याकाळी. संध्याकाळी तू राहिलेलं शिवण उरकायचीस, आणि तो कामावरून येऊन तिला घेऊन खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायचा. दिवसभर तुझ्या मांडीवर किती झटके आले ते मी पाहिलंच नव्हतं. तू सांगितलंही होतंस मला, मशीनच्या आवाजात. मी ऐकलं नाही.

माफ कर असं लिहिणार होते. लिहीत नाही. ते मागायला तोंड तरी दाखवता यायला हवं.

ताई


५ एप्रिल

झिपरे,

औषध सुरू केल्यापासून झटके बरेच कमी झाले, असं आईने सांगितलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. आईने बाहेरून ओरडून विचारलं, "पाणी वाया का घालवतेस?"

प्रयोगशाळेतही सांगून टाकलं. सोमवारच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, महाराणीला निरोगी धरून केलेलं सगळं काम पुन्हा तपासावं लागेल. आमचे सर कपाळाला हात लावून बसले. एका मुलीचा प्रबंध छापायला गेला होता, ती रडली. मी तिच्याकडे बघू शकले नाही. बैठक संपल्यावर पाहिलं तर बुटक्याने फ्रीजरच्या कप्प्यावरची 'महाराणी' ही पट्टी काढून माझ्या नावाची साधी पट्टी लावली होती. मला न विचारता. मला उलट बरं वाटलं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारायची माझी हिंमत होत नव्हती. काल आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा विचारला.

"आई, मी तान्ही असताना मला झटके यायचे का ग?"

तिच्या हातात टॉवेल होता. तिने घडी पुरी केली, वर हात फिरवला, मग म्हणाली, "यायचे."

"हॉस्पिटलात विचारलं तेव्हा तू बोलली नाहीस?"

"तू बोललीस ना. आमच्या घरात असलं काही नाही, म्हणून ठासून सांगितलंस. मला वाटलं, एवढी शिकलीय, तिला माहीत असेल त्याचा नि ह्याचा काही संबंध नाही ते. तुझ्यापुढे तोंड उघडून मी कशाला अडाणी ठरू?"

तेव्हा हॉस्पिटलात ती शेजारी बसून पर्सची चेन उघडमीट करत होती, ते आता आठवतं. चेन खराब झाली असेल असं मला वाटलं होतं.

"मग मला कधीच का सांगितलं नाहीस?"

"शिक्का बसला असता पोरीवर. झटक्यांची पोर म्हणून. आणि तू आपली बसायला लागलीस तसे ते गेले. गेले ते गेलेच. मग शाळेत पहिली यायला लागलीस. पहिल्या येणाऱ्या पोरीला कोण सांगतं असलं?" पुढचा कपडा उचलत म्हणाली, "तुझ्या वडिलांना फार लागलं होतं ते. त्यांच्या घरात होतं ना. त्यांनाही झालं होतं म्हणे लहानपणी."

म्हणजे ते बाबांकडून आपल्या दोघींत आलं. मला झटके आले, तुला आले नाहीत. तुला का सुटका मिळाली ते मला सांगता येणार नाही, कुणालाच नीट सांगता येत नाही.

पण मला आलेले का गेले, तेवढं सांगता येतं. दहा मार्चच्या पत्रात लिहिलं होतं बघ, त्या दिवसांत पेशीला आवरणारं दार जवळजवळ एकच असतं. तेच आपल्यात अर्धवट उघडतं, म्हणून पेशी भडकते. पण पेशी तशीच राहत नाही. महिन्यामहिन्याने दुसरी पोटॅशियमची दारं बसतात, क्लोराइड उपसणारा पंप सुरू होतो, गप्प करणारं रसायन खरोखर गप्प करायला लागतं. अर्धवट दार तसंच राहतं, फक्त त्याच्या एकट्यावर भार राहत नाही. माझ्या डोक्यात ते दार अजून तसंच आहे. त्याच्यासकट मी शिकले, भांडले, नोकरी केली, तुझ्या नवऱ्याचं वाटोळं करायला निघाले.

ठमीचंही असंच होईल, असं मी म्हणणार नाही. काही बाळांचं लांबतं, काहींना पुढेही त्रास राहतो. ते डॉक्टरबाईंना विचार, त्या सांगतील ते ऐक. भविष्य सांगायचा धंदा मी बंद केला आहे. मी एवढंच दाखवू शकते की हेच अक्षर घेऊन एक बाई चाळिशी ओलांडून चालते-बोलते आहे, जरा जास्तच बोलते.

बाबांचं आईने आणखी काही सांगितलं. ते तुला लिहीत नाही. ते दुसऱ्या कुणाला लिहायला हवं असं वाटतं, पण त्याला लिहायची माझी लायकी आहे का ते कळत नाही.

ताई


१२ एप्रिल

भावोजी,

हे पत्र तुम्हाला आहे. आजवर मी तुम्हाला भावोजी म्हटलेलं नाही. लग्नाच्या दिवशी दारातून वाकून आत आलात तेव्हा मी लंबू म्हटलं, सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि मग ते तसंच राहिलं. तुम्हाला ते आवडतं का, हे मी कधी विचारलं नाही.

झिपरीची काल चिठ्ठी आली. पुन्हा मापांच्याच कागदावर. "मला किती सांगशील? त्याला सांग." तिचं म्हणणं खरं आहे. पाच पत्रं मी बहिणीला लिहिली. तुमच्याबद्दल लिहिलं, तुम्हाला लिहिलं नाही. बहिणीपुढे मान खाली घालणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

हॉस्पिटलात तुमच्याविरुद्ध फोन मी केला होता. झिपरीने तुम्हाला सांगितलं असेल, पण माझ्या तोंडून ऐका. तुम्ही ठमीला जोरात हलवलं असेल, असं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. माझ्याकडे पुरावा म्हणून एक आलेख होता, तो चुकीचा होता. एक डाग होता, तो माझ्या सुईचा होता. आणि तुमच्याबद्दल मनात एक आधीपासूनची अढी होती, तिला काही कारण नव्हतं. माझी बहीण शिकली असती, तिने माझ्यासारखं काही केलं असतं, पण ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करून पडदे शिवत बसली, असं मला वाटायचं. तिला काय वाटतं, हे मी विचारलं नव्हतं. हे लिहिताना माझे कान गरम झाले आहेत, पण हेच खरं आहे. आलेख चुकण्याआधीच मी तुम्हाला चुकीचं ठरवून ठेवलं होतं.

चौकशी संपली, हॉस्पिटलने तसं लिहून दिलं, तुम्ही घरी झोपायला लागलात, एवढं मला कळलं. पण आई म्हणते, अजूनही ठमीला घेताना तुम्ही आधी झिपरीकडे बघता. ती मान हलवते तेव्हा घेता. डॉक्टरबाईंना मी लेखी कळवलं आहे की माझी तक्रार खोटी होती आणि का खोटी होती. त्याची एक प्रत सोबत आहे. पण ते मान हलवणं कुठल्या कागदाने जाणार, मला माहीत नाही.

येत्या रविवारी सकाळी मी तुमच्या दारात येईन. घंटा एकदाच वाजवीन. तुम्ही दार उघडलं नाही तर परत जाईन आणि रागावणार नाही. उघडलं तर तुम्हाला जे बोलायचं असेल ते ऐकून घेईन. मध्ये बोलणार नाही. झिपरी म्हणेल हे हिला जमणार नाही, पण मी प्रयत्न करीन.

एक गोष्ट मात्र आधीच लिहून ठेवते, कारण समोर मला ती सांगता येणार नाही. माझ्या वडिलांना तुम्ही पाहिलं नाहीत. ते छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. मलाही ठमीसारखेच झटके यायचे, हे मला आत्ता कळलं. आई म्हणाली, दिवसभर ती मला सांभाळायची आणि संध्याकाळी ते कामावरून आले की मला घ्यायचे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. फेऱ्या चालू असताना झटका आला की ते जिथे असतील तिथे थांबायचे, मला छातीशी धरायचे आणि तो ओसरेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. हात धुवायलाही थांबलेले नसायचे. माझ्या झबल्याच्या पाठीवर त्यांच्या पाची बोटांचे शाईचे काळे ठसे असायचे, आणि आई दुसऱ्या दिवशी ते घासून काढायची.

शेजारणी यायच्या, दाई यायची, डॉक्टर यायचे. सगळ्यांनी ते ठसे बघितले. बाबांना कुणी काही विचारलं नाही.

ठमीची मावशी